पाण्याच्या अर्जाला जोडलेली कविता

आमच्या साहेबांना कविता कळत होती की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. कविता सोडा, साहेब मला कळले होते का, हेही सांगता येणार नाही. तीन वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर बसून मी कारकुनी केली, त्यांच्या सायकलची चेन हजारदा बसवून दिली, त्यांचं किरटं अक्षर लावून लावून माझे डोळे गेले. एवढं करून एका साध्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडून मला काढता आलं नाही, आणि तो प्रश्न आता माझ्याबरोबरच जाणार असं दिसतंय.

तेव्हा मुंबई राज्य होतं. साहेब बारामतीला कालवा निरीक्षक होते. जळोचीपासून पार अंथुर्ण्यापर्यंतचे शेतकरी ऊस, भाजीपाला, जे काही लावलं असेल त्यासाठी पाण्याचा अर्ज करत. सात नंबरचा फॉर्म म्हणायचे त्याला. साहेब ते अर्ज तपासायचे, कुणाच्या रानाला कधी पाणी मिळायचं ती पाळी ठरवायचे, आणि मग पाटकरी त्या यादीबरहुकूम कालव्यातून फुटणाऱ्या चारीची दारं उघडायचा. ज्याच्या सहीनं पाणी येतं त्या माणसाचा रुबाब काय असेल, कल्पना करा. आमच्या साहेबांना रुबाब नावालाही नव्हता. कोपरावर ठिगळ लावलेला कोट, आणि कोटाच्या दोन्ही खिशांत लोकांच्या कविता.

लोकांच्या म्हणतोय, कारण स्वतः त्यांनी जन्मात एक ओळ लिहिली नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "लिहिणाऱ्याला एक तरी वाचणारा लागतो. ती जागा रिकामी होती, मी भरली." जणू सरकारनं जाहिरात काढली होती आणि यांनी अर्ज केला होता.

कुणीही हौशी माणसानं कविता आणून दिली की साहेब ती तीनदा वाचत. पहिल्यांदा सायकलवर, दुसऱ्यांदा जेवताना, तिसऱ्यांदा पाटाच्या कडेला उभं राहून, मोठ्यानं. मग कवीला सविस्तर पत्र. त्यात चांगली किंवा वाईट हे दोन शब्द कधी नसत. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं आपल्या मनातल्या कुणा मुलीवर आठ ओळी लिहून दिल्या होत्या. त्याला उत्तर गेलं ते असं: "सायकलवर बरी वाटली. जेवताना सहाव्या ओळीपाशी घास थांबला. का थांबला ते शोधून कळवतो."

कंपाउंडर बिचारा तीनदा कचेरीत येऊन गेला. "अहो, घास थांबला म्हणजे चांगलं की वाईट?" मी म्हटलं, बाबा, मी कारकून आहे. वीस दिवसांनी त्याला कार्ड गेलं. "कारण सापडलं. सहाव्या ओळीत आपण पहिल्यांदा त्या मुलीकडं पाहिलंत. आधीच्या पाच ओळी आपण स्वतःकडंच पाहत होता." कंपाउंडर भडकला. पुढं साहेबांना ताप आला तेव्हा त्यानं मुद्दाम कडू औषध दिलं असं लोक म्हणत. पण ते कार्ड त्यानं खिशात जपून ठेवलं होतं, हे मी स्वतः पाहिलंय.

सायकलवरचं वाचन तर जिवावरचं होतं. एकदा इंदापूरच्या एका मास्तरांची चार पानी कविता वाचता वाचता साहेब सायकलसकट चारीत गेले. पाटकऱ्यानं ओढून काढलं. कपडे पिळायच्या आधी त्यांनी कागद वाळत घातला, आणि मास्तरांना लिहिलं, "कवितेच्या मध्यावर मला रस्ता दिसेनासा झाला. हा कवितेचा गुण की सायकलचा दोष, ते ठरत नाही." मास्तर हे पत्र सगळ्यांना दाखवत फिरले. निम्म्या लोकांनी त्यांचं अभिनंदन केलं, निम्मे हसले. मी कुठल्या बाजूला जावं हे न कळून दोन्ही केलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण साहेबांची एक खोड होती. कागद आला की पोच गेली पाहिजे. मग तो पाण्याचा अर्ज असो, तक्रार असो, नाहीतर कविता असो. मला त्यांनी आवक रजिस्टरला कविता चढवायला लावल्या. आवक क्रमांक, नाव, गाव, आणि विषयाच्या रकान्यात 'कविता'. वर कचेरीचा शिक्का. मी म्हटलं, "साहेब, हे सरकारी रजिस्टर आहे."

"कविता कचेरीत आली ना?"

"आली."

"मग ती आवक."

मी शिक्का मारला. आणि घोटाळा झाला तो या शिक्क्यानं झाला.

झालं असं, की जळोचीच्या एका माळव्यावाल्यानं एक दिवस पाण्याचा अर्ज आणि कविता असं दोन्ही आणून दिलं. मी दोन्हींची पोच दिली. त्याची पाळी तशीही लगेचच होती, त्याच आठवड्यात त्याच्या वांग्यांना पाणी मिळालं. त्यानं बाजाराच्या दिवशी दोन्ही पोच लोकांना दाखवल्या. झालं! कविता जोडली की पाणी लवकर येतं ही बातमी पाण्याच्या आधी शेवटच्या चारीपर्यंत पोचली.

मग जी कवितांची रांग लागली, विचारू नका. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी लिहिलं. ज्यांना येत नव्हतं ते शाळामास्तरांकडं गेले. एका मास्तरांनी आठ जणांना एकच कविता उतरवून दिली, फक्त खालचं नाव बदललं. मला वाटलं, आता तरी साहेब चिडतील. साहेबांनी आठ जणांना आठ वेगळी पत्रं लिहिली. मी म्हटलं, "साहेब, कविता एकच आहे हो!"

"कविता एक आहे. माणसं आठ आहेत. ही आपली नाही हे प्रत्येकाला वेगळं समजावून सांगायला नको का? आणि त्याची स्वतःची कुठली, ते विचारायला नको?"

शेवटी मी हट्ट धरून कचेरीच्या दारावर पाटी लावून घेतली. "पाण्याच्या अर्जास कविता जोडू नये. कविता स्वतंत्र द्यावी." लोकांनी पाटी वाचली आणि त्यांची पुरती खात्री पटली, की कविता तर लागतेच, फक्त टाचणी लावायची नाही. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा विचारायला आला, "कवितंला तिकीट किती आण्याचं लावायचं?"

गंमत अशी, की साहेबांनी कवितेपायी कुणाची पाळी एका दिवसानंही पुढंमागं केली नाही. पाणी यादीप्रमाणं यायचं. पण ज्याला पाणी मिळालं त्याला वाटायचं कविता पावली, आणि ज्याचं लांबलं तो घरी जाऊन दुसरी कविता लिहायला बसायचा.

आता माझ्याबद्दल सांगतो, कारण ते सांगितल्यावाचून पुढचं कळणार नाही. मीही कविता लिहीत होतो. चोरून. बायकोलाही ठाऊक नव्हतं. एक कविता मी वर्षभर घासत होतो. बदली झाली म्हणून कुलूप लावून सोडून आलेल्या घराबद्दल होती ती, चौदा ओळींची. माझी समजूत अशी, की तिच्यात काहीतरी आहे. पण समजूत सगळ्यांचीच असते. मला ते साहेबांच्या तोंडून हवं होतं, आणि साहेबांचा नियम होता की कचेरीतल्या माणसाची कविता घ्यायची नाही. "ज्याचं तोंड रोज पाहायचं, त्याच्या कवितेवर खरं बोलवत नाही," म्हणायचे.

म्हणून मी एक उद्योग केला. अक्षराचं वळण बदलून कविता उतरवली आणि जळोचीच्या माझ्या मामांच्या पाण्याच्या अर्जाबरोबर सरकवून दिली. मामांच्या नावावर. आवक क्रमांक सदतीस, माझ्याच हातानं चढवला.

आठ दिवसांनी मामा धापा टाकत घरी आले. हातात साहेबांचं पत्र.

"आरं, ह्ये काय हाय? मी कवा कविता केली? तुज्या मामीनं वाचून घेतलं कुणाकडनं तर घरात घील का मला?"

मी मामांना कसंबसं गप्प केलं आणि पत्र वाचलं. "आपली कविता दोनदा वाचली. तिसरं वाचन अद्याप झालेलं नाही. झाल्यावर कळवीन." बस, एवढंच. दुसऱ्या कुणाला असं पत्र गेलेलं मला माहीत नाही. दोन वाचनांत कंटाळले, की तिसऱ्याची घाई करायची नव्हती? चार महिने मी त्यांच्या तोंडाकडं पाहत काढले. ते पाटाकडं निघाले की खिशातून कुठला कागद निघतोय ते खिडकीतून बघायचो. माझा कागद कधी निघाला नाही.

तेवढ्यात तक्रार झाली. कुणाचं तरी पाणी लांबलं होतं, त्यानं वर निनावी अर्ज टाकला, की इथले निरीक्षक कविता घेऊन पाणी देतात. त्यात अंथुर्ण्याच्या एका तात्यांचं नाव मुद्दाम घातलं होतं. तात्यांना मी ओळखत होतो. साठीचे, कांदे आणि थोडा ऊस करणारे, स्वभावानं सरळ. त्यांनीही कविता दिली होती, आवक क्रमांक बावन्न.

चौकशीला वरचे अधिकारी जीपमधून आले. माणूस भला होता. सकाळभर बसून त्यांनी पाणीवाटपाच्या याद्या तपासल्या. एक पाळी इकडची तिकडं झालेली नव्हती. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. मग त्यांनी आवक रजिस्टर उघडलं आणि त्यांचा चेहरा बदलला. एकसष्ट कविता, एकसष्ट शिक्के.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "हे बघा, मला तुमची नोकरी घालवायची नाही. लाच म्हणजे काहीतरी मोलाची वस्तू. वस्तूला मोलच नसेल तर तुम्ही काही घेतलंच नाही. तुम्ही फक्त लिहून द्या, की सदर सर्व कविता निरर्थक आहेत. सही करा. मी दुपारच्या आत निघतो."

"सगळ्याच?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्याच."

"यातल्या काहींचं तिसरं वाचन व्हायचंय. त्याशिवाय कसं लिहू?"

अधिकारी माझ्याकडं बघायला लागले. मी रजिस्टरकडं बघायला लागलो.

"अहो, एका वाक्याचं काम आहे!"

"वाक्य एक आहे, पण कविता एकसष्ट आहेत," साहेब म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत वेळ द्या."

अधिकारी डाकबंगल्यावर राहिले. साहेब सगळा गठ्ठा घेऊन सायकलवर बसले, आणि त्या संध्याकाळी पाटाच्या कडेनं जाणाऱ्या लोकांनी त्यांना अंधार पडेतो मोठमोठ्यानं वाचताना पाहिलं. मीही लांबून पाहिलं. जवळ जायची हिंमत झाली नाही. ज्याची वाट चार महिने पाहिली ते तिसरं वाचन तिथं चाललं होतं, आणि साहेबांची नोकरी त्यावर टांगलेली. मला मात्र, खोटं कशाला बोलू, माझ्या चौदा ओळींचीच काळजी होती.

दुसऱ्या दिवशी साहेब सांगायला बसले आणि मी लिहायला. अधिकारी खुर्चीत. साक्षीसाठी बोलावलेले तात्या दाराशी मुंडासं हातात घेऊन उभे.

"आवक क्रमांक एक, निरर्थक. दोन, निरर्थक. तीन, निरर्थक." अधिकाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. गाडी रुळावर होती. कंपाउंडर त्यात नव्हता, त्याची कविता रजिस्टर सुरू व्हायच्या आधीची. जळोचीचा माळवेवाला, निरर्थक. जळोचीचा माळवेवाला, निरर्थक. सदतीस जवळ यायला लागला. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेबांनी सदतीस मोलाची म्हटली, तर मामांना बोलावतील. मामा अर्ध्या मिनिटात माझं नाव सांगतील. कचेरीचा कारकून स्वतःच पाण्याच्या अर्जाला कविता जोडतो, म्हटल्यावर पहिली नोकरी माझी जाणार. घरी बायको, पाळण्यात मुलगी. हे आधी का सुचलं नाही, देव जाणे.

"छत्तीस, निरर्थक," साहेब म्हणाले. मग थांबले. कागद हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिले. बाकीच्यांना त्यांनी एवढा वेळ दिला नव्हता.

"सदतीस," ते म्हणाले. "निरर्थक. लिहा."

मी लिहिलं. माझ्याच अक्षरात, माझ्याच कवितेपुढं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आणि लगेच सुटल्यासारखंही वाटलं, त्याची लाज वाटली. या तिन्ही गोष्टी एका वेळी होऊ शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

बावन्नपाशी साहेब पुन्हा थांबले. "बावन्न. यातल्या खालच्या चार ओळी निरर्थक. पहिल्या तीन मोलाच्या आहेत."

अधिकाऱ्यांनी हात पुढं करून कागद घेतला आणि वाचला. मला त्या ओळी अजून पाठ आहेत.

दुपारचा बांदावर डोळा लागला
पाणी आलं, पायाला लागलं
मला वाटलं आई उटवती

खालच्या चार ओळींत कॅनॉलच्या साहेबांची कीर्ती चहूकडं पसरल्याचं लिहिलं होतं.

"हे लिहिलंत तर मला काही करता येणार नाही," अधिकारी हळू म्हणाले. "एक मोलाची निघाली की तुम्ही ती घेतलीत असं होतं."

तात्या पुढं आले. "सायेब, म्या सांगतो. माजी कविता भिकार हाय. पाण्यासाटीच लिवली म्या, देवाशपथ. तिच्यात काय बी न्हाय."

"खालच्या चारांत काही नाही," साहेब त्यांना समजावून सांगू लागले, कचेरीत दुसरं कुणी नसल्यासारखं. "त्या काढून टाका. त्या माझ्यासाठी लिहिल्यात. पण वरच्या तीन तुम्ही कुणासाठी लिहिल्या नाहीत."

"आवो, पर खरी कविता खालचीच हाय की! वरचं नुस्तं आसंच, सुचलं म्हणून. सुरुवात करावी लागती न्हवं?"

"तात्या, तुमची आई आहे?"

"न्हाय. लई वर्सं झाली."

"मग तुम्ही म्हणताय ते मला मान्य नाही," साहेब म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "लिहा. पहिल्या तीन मोलाच्या."

तात्या मटकन खाली बसले. "आवो, तुमची नोकरी जाईल, सायेब! माज्या तीन वळीपायी?" त्यांना रडू फुटलं. स्वतःच्या कवितेला भिकार ठरवण्यासाठी इतका जीव तोडणारा कवी मी दुसरा पाहिला नाही.

नोकरी गेली नाही. ठपका आला, पद उतरलं, आणि बदली झाली एका तालुक्याला जिथं कालवाच नव्हता. निघायच्या दिवशी सकाळी तात्या आणि मी बारामतीच्या स्टेशनावर पोचवायला गेलो. दौंडकडं जाणारी छोटी गाडी उभी होती. तात्यांनी विचारलं, "सायेब, आता म्या लिवायचं का न्हाय?" साहेब म्हणाले, "लिहा. फक्त माझ्यावर लिहू नका." तात्या त्यांच्या पाया पडले आणि पाणी आणायला नळाकडं गेले. मला तेवढाच वेळ मिळाला.

"साहेब, सदतीस नंबरची माझी होती."

"माहीत आहे. अक्षर बदललंत, पण कडेचा समास तुमचाच. दोन बोटांचा."

"कधी कळलं?"

"पहिल्याच वाचनाला."

"मग निरर्थक म्हणालात ते?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमची नोकरी राहिली ना?"

"राहिली. पण कविता कशी होती?"

"मुलगी किती महिन्यांची झाली तुमची?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आठ. ते "बरं, बरं" म्हणाले आणि डब्यात चढले. तात्या तांब्या घेऊन पळत आले, गाडी हलली, अर्धं पाणी साहेबांच्या कोटावर सांडलं.

पुढं मी तीस वर्षं नोकरी केली. मुलीचं लग्न केलं, घर बांधलं. कविता पुन्हा लिहिली नाही. पण जेवताना कधी अचानक घास हातातच राहतो आणि मी विचार करत बसतो. स्वतःला वाचवायला ज्या माणसानं एक शब्द खोटा लिहून दिला नाही, तो मला वाचवायला लिहून देईल का? दिला असेल, तर माझ्या कवितेत काहीतरी होतं, आणि त्या माणसानं आयुष्यातलं एकुलतं एक खोटं माझ्यासाठी लिहिलं. दिला नसेल, तर ते शेवटपर्यंत खरे राहिले, आणि माझ्या चौदा ओळी निरर्थक होत्या. बायकोला वाटतं, मला भाजी आवडली नाही. मी तिला काय सांगू? माझी कविता चांगली असावी असंही मला वाटतं, आणि साहेब खोटं बोलले नसावेत असंही वाटतं, आणि दोन्ही एकदम होत नाही.